तेवीस गोष्टींचा पाठ

नवे साधन शाळेत आले, की "ह्याचे प्रशिक्षण केव्हा होणार?" हा प्रश्न प्रथम विचारला जातो. प्रश्न गैर नाही. परंतु प्रशिक्षणाची वाट पाहत साधन कपाटात पडून राहिले, तर हानी मुलांची होते. ह्या दृष्टीने अमेरिकेतील एका सार्वजनिक ग्रंथालयाचा प्रयोग शिक्षकबंधुभगिनींनी समजून घेण्याजोगा आहे.

नॉर्थ कॅरोलायना राज्यात शार्लट हे शहर आहे. २००६ साली इंटरनेटवर ब्लॉग, विकी, छायाचित्रे व चित्रफिती मांडण्याची स्थळे अशी नवनवी साधने रूढ होत होती. वाचक ती वापरू लागले होते. ग्रंथालयातील अनेक सेवकांना मात्र ती अपरिचित होती. तेव्हा तेथील सार्वजनिक ग्रंथालयाच्या तंत्रविषयक संचालिका हेलीन ब्लोअर्स ह्यांनी, ग्रंथालयतज्ज्ञ स्टीफन अब्राम ह्यांच्या एका लेखावरून स्फूर्ती घेऊन, नऊ आठवड्यांत करावयाच्या २३ गोष्टींची एक यादी आखली. वर्ग नाही, व्याख्याता नाही, परीक्षाही नाही. प्रत्येक सेवकाने स्वतःचा ब्लॉग उघडावा, एकेक साधन हाताळून पाहावे आणि काय जमले, काय फसले, ते आपल्या शब्दांत लिहावे, एवढीच अट. संकोच वाटणाऱ्यास टोपणनावाने लिहिण्याची मुभा होती. अडलेल्याने शेजारच्या सहकाऱ्यास विचारावे, अशी अपेक्षा होती. सर्व गोष्टी मुदतीत पुऱ्या करणाऱ्यास ध्वनिमुद्रणे ऐकण्याचे एक छोटे यंत्र बक्षीस होते.

यादीच्या आरंभी आजन्म शिकणाऱ्याच्या साडेसात सवयी सांगितल्या होत्या. आपल्या शिक्षणाची जबाबदारी आपणच घ्यावी, अडचणीस आव्हान मानावे, शिकलेले दुसऱ्यास शिकवावे, अशा त्या सवयी होत. शेवटची अर्धी सवय होती, खेळणे! आपणांस हे नवीन नाही. ताराबाई मोडकांनी कोसबाडच्या आदिवासी बालकांना खेळातूनच शिकविले. मूल पाटीवर चुकते, पुसते, पुन्हा काढते आणि शिकते. हे तत्त्व आपण मुलांस लावतो. स्वतःस लावावयाची वेळ आली, की मात्र कचरतो.

ह्याचे कारण माझ्यापुरते तरी मला ठाऊक आहे. एका शिक्षण परिषदेत पाठ्यपुस्तकावरील क्यूआर कोड उघडून दाखविण्याची विनंती मला करण्यात आली. मी शांतपणे मोबाइल शेजारच्या तरुण शिक्षकाच्या हाती दिला. अधिकाऱ्यास येत नाही, हे दिसू नये, एवढीच त्यामागील भावना होती. त्या रात्री घरी तीनदा प्रयत्न केल्यावर तो कोड उघडला; आणि मग ध्यानात आले, की लाज अज्ञानाची नव्हे, तर ते लपविण्याची वाटावयास हवी होती.

शार्लटची यादी इतर ग्रंथालयांसही वापरण्यास मोकळी ठेवल्याने ती पुढे अनेक देशांत पोहोचली. तिच्यातील काही साधने आता कालबाह्य झाली. ब्लॉगांचा शोध घेणारी टेक्नोराती ही सूची उरली नाही. पुस्तकांची सूची करण्याचे लायब्ररीथिंग मात्र आजही चालू आहे. साधने येतील व जातील. न भिता नवे हाताळून पाहण्याची सवय तेवढी टिकते.

ह्यास्तव प्रत्येक शाळेने आपली छोटी यादी करावी. आठवड्यास एकच गोष्ट पुरे. पहिल्या आठवड्यात पाठ्यपुस्तकावरील एक क्यूआर कोड उघडावा. दुसऱ्यात मराठी विश्वकोशाच्या संकेतस्थळावर एक नोंद वाचावी. तिसऱ्यात मराठी विकिपीडियावर आपल्या तालुक्याविषयीचा लेख पाहून त्यातील एक माहिती पुस्तकाशी ताडून घ्यावी. चौथ्यात सहकाऱ्यास ह्यांपैकी एक गोष्ट शिकवावी. जमलेले व फसलेले दोन्ही एका वहीत लिहावे. मुलांची नावे व छायाचित्रे मात्र इंटरनेटवर मांडू नयेत.

आणि एखादे साधन वर्गात अडलेच, तर मुलांसमोर निःसंकोच म्हणावे, "मलाही हे येत नाही, चला, मिळून पाहू." गुरुजी किंवा बाई शिकताना दिसणे, हादेखील मुलांसाठी एक पाठच होय.