इंजिन बंद, कान उघडे

ताडोबात मोहर्लीच्या गेटातून आत शिरलं की थोड्या वेळाने गाईड ड्रायव्हरला हाताने खुणावतो. जिप्सीचं इंजिन बंद होतं. "थांबा भाऊ, आयकू द्या." दूर बांबूत वानर खाकरल्यासारखं ओरडतं, मग सांबराचा ठणठणीत कॉल येतो. वाघ अजून कोणालाच दिसलेला नसतो, पण तो कुठून कुठे चाललाय हे गाईडला कळलेलं असतं.

पाणबुडीतली शिकारही अशीच कानांवर चालते. हे मला कळलं ते चंद्रपुरात, जिथून समुद्र चारशे किलोमीटरांहून दूर आहे.

सुरुवात 'खुकरी'पासून झाली. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात 'हंगोर' या पाकिस्तानी पाणबुडीने आपली फ्रिगेट 'आयएनएस खुकरी' बुडवली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडलं नाही. याबद्दल हाती लागेल ते वाचत गेलो, पण एक प्रश्न सुटेना. पाण्याखाली, रात्रीच्या काळोखात, नेम धरतात कसा? टॉर्पेडो सोडला एवढं वाचायला मिळे. सोडण्याआधीची घालमेल कुठे सापडेना.

ती सापडली 'सायलेंट हंटर 3' या गेममध्ये. युबिसॉफ्टच्या रुमानियातल्या स्टुडिओने 2005 साली केलेला हा गेम दुसऱ्या महायुद्धातली जर्मन पाणबुडी तुमच्या ताब्यात देतो. आपोआप नेम लावायची सोय बंद करून खेळा, तरच खेळा.

पेरिस्कोपमध्ये एक मालवाहू जहाज आडवं चाललंय. पाणबुडी जवळजवळ स्थिर ठेवायची. जहाजांच्या चित्रवहीत त्याची लांबी बघायची. समजा, 120 मीटर. पेरिस्कोपमधल्या उभ्या रेषेला जहाजाचं पुढचं टोक टेकलं की स्टॉपवॉच सुरू, मागचं टोक रेषेपार गेलं की बंद. 30 सेकंद. म्हणजे सेकंदाला 4 मीटर, जवळपास 8 नॉट. आता जहाजाची वाट 1000 मीटरवर असेल आणि टॉर्पेडो 30 नॉटने जाणार असेल, तर त्याला पोहोचायला 65 सेकंद हवेत. तेवढ्यात जहाज 260 मीटर पुढे सरकणार. म्हणजे नेम जहाजावर धरायचाच नाही! जहाजाच्या दोन लांब्यांहून पुढे, रिकाम्या पाण्यावर धरायचा. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या आकड्यांकडेच बघत बसलो होतो.

त्याहून थक्क केलं ते आवाजाने. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1500 मीटर धावतो, हवेतल्याच्या चौपटीहून जास्त. पण तो सरळ जात नाही. गारव्यात त्याचा वेग घटतो आणि तो गार थराकडे वळतो. आपल्या समुद्रात वरचं पाणी उबदार, खालचं गार; त्यामुळे पाणबुडी शोधायला जहाजाने सोडलेला सोनारचा आवाज खाली वाकत जातो आणि तो जिथे पोहोचत नाही त्या आडोशाला पाणबुडी दडून राहू शकते. हिवाळ्यातल्या पहाटे ताडोबातही थर असेच असतात, पण परिणाम उलटा होतो. जमिनीलगतची हवा गार, वरची उबदार. वर निघालेला सांबराचा कॉल वाकून पुन्हा जमिनीकडे येतो, आणि भर दुपारी कानावर आला नसता इतक्या लांबून ऐकू येतो. नियम एकच, त्याने पाण्यात पाणबुडी लपते आणि रानात वाघ उघडा पडतो.

'खुकरी'वर त्या रात्री सोनारला आणखी लांबचं ऐकू यावं म्हणून एका नव्या उपकरणाची चाचणी चालली होती आणि त्यासाठी तिने वेग कमी ठेवला होता. पूर्वी हे वाक्य वाचून मी सहज पुढे गेलो होतो. आता तिथे थांबतो. वेग कमी म्हणजे नेम धरणाऱ्याला हाती जास्त सेकंद. खाली 'हंगोर'मध्येही माणसं कान लावून बसली होती. त्यांचा पहिला टॉर्पेडो 'खुकरी'सोबतच्या 'कृपाण' या जहाजाकडे गेला आणि वाया गेला. दुसरा 'खुकरी'ला लागला.