मनोरा किती उंच हवा?



काही वर्षांपूर्वी आईला घेऊन एका अभयारण्यात गेलो होतो. ती व्हीलचेअरवर. निरीक्षण मनोऱ्यापाशी पोचलो, तर समोर उभा जिना. "तू जा वर, मी बसते इथे," ती म्हणाली. मी वर गेलो, पाखरं पाहिली, फोटो काढले आणि खाली येऊन तिला मोबाइलवर दाखवले. "छान आहेत," एवढंच ती म्हणाली. तासभर तिच्यासमोर मनोऱ्याचे खांब होते. बांधकामाचे आराखडे करणं हा माझा पेशा. तरी मनोरा म्हटला की जिना आलाच, हे तोवर मीही धरूनच चाललो होतो.

आज आपण सगळ्यांना चढता येईल असा एक लाकडी मनोरा कागदावर उभा करू. जागा घेऊ मी राहतो त्या कोलकात्याची. शहराच्या पूर्व कडेला सुमारे १२,५०० हेक्टरची पाणथळ जमीन आहे. २००२ पासून ती रामसर यादीत आहे. शहराचं सांडपाणी इथल्या उथळ तळ्यांत येतं, ऊन आणि शेवाळ ते शुद्ध करतात आणि त्यावर मासे वाढतात. या तळ्यांना इथे 'भेडी' म्हणतात. बगळे, पाणकावळे, खंड्या आणि हिवाळ्यात बदकं, सगळी तिथे असतात.

पहिला प्रश्न उंचीचा. व्हीलचेअरसाठी रॅम्पचा चढ जास्तीत जास्त १२ ला १ धरतात, म्हणजे १ मीटर चढायला १२ मीटर लांबी. उंची जास्त असेल तर १५ ला १, अगदी २० ला १ इतका सौम्य चढ लागतो, नाहीतर ढकलणाऱ्याची दमछाक होते आणि उतरताना खुर्ची हाताबाहेर जाते. आता ९ मीटर उंच मनोरा घ्या. २० ला १ ने रॅम्प झाला १८० मीटर, शिवाय मध्येमध्ये विसाव्याचे सपाट टप्पे. इथेच बहुतेक आराखडे "शक्य नाही" म्हणून गुंडाळले जातात.

पण हे ९ मीटर आले कुठून? उंच मनोऱ्याची आपली कल्पना शिकारीच्या मचाणावरून आली आहे. वाघापासून जीव वाचावा आणि माणसाचा वास त्याच्यापर्यंत पोचू नये, म्हणून मचाण उंच. भेडीच्या काठी यातलं काहीच लागू नाही. समोर उघडं पाणी आहे. नजर फक्त गवत आणि जलपर्णीच्या वरून जायला हवी. उलट, उंचावर आकाशाच्या पार्श्वभूमीवर हलणारी माणसाची आकृती पाखरांना लांबूनच दिसते.

म्हणून आपला मनोरा बांधाच्या माथ्यापासून १.८ मीटर उंच. बांध मुळातच उंच आणि सपाट असतो, तो फुकटात मिळालेला रस्ता. १५ ला १ चढ धरला तर रॅम्प २७ मीटर, त्यात दीड-दीड मीटरचे दोन विसावे, एकूण ३० मीटर. खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण ११५ सेंटिमीटरवर असतात, म्हणजे नजर बांधापासून जवळजवळ ३ मीटर वर गेली. एवढं पुरतं.

आता कठडा. नेहमीचा कठडा एक-सव्वा मीटरचा, आणि त्याचा वरचा दांडा बसलेल्याच्या बरोबर डोळ्यांसमोर येतो. आई वर पोचली असती, तरी तिला त्या दिवशी दांडाच दिसला असता! म्हणून हातधरणीचा दांडा ९० सेंटिमीटरवर आणि संरक्षणाचा दांडा १४० सेंटिमीटरवर ठेवू. दोन्हींच्या मधल्या पट्टीत पोलादाच्या बारीक उभ्या तारा. खालच्या भागात उभ्या पट्ट्या, त्यांतली फट १० सेंटिमीटरपेक्षा कमी, म्हणजे लेकरू घुसणार नाही आणि पाय ठेवून चढणारही नाही. दुर्बीण टेकवायच्या फळीखाली गुडघे शिरतील एवढी मोकळी जागा हवी. खुर्ची वळवायला दीड मीटर व्यासाची जागा हवी.

लाकूड कशाला? इथली माती मऊ, हलका भार तिला बरा. शिवाय या पाणथळीसाठी २००६ चा स्वतंत्र कायदा आहे, जमिनीचा वापर बदलण्यावर त्यात निर्बंध आहेत. परवानगीशिवाय इथे काही उभं करता येत नाही, आणि केलंच तर बोल्ट काढून उचलून नेता यावं. सालाचं गाभ्याचं लाकूड टिकाऊ, बाहेरचं फिकट लाकूड मात्र वाळवी खाते. ते काढून टाकायचं किंवा औषध पाजूनच वापरायचं. खांब मातीत पुरायचा नाही. काँक्रीटच्या जोत्यावर लोखंडी बूट, त्यात खांब, खाली हवा खेळती. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशी धरत नाही.

फळ्या चालण्याच्या दिशेला आडव्या टाकायच्या. उभ्या टाकल्या तर पुढची लहान चाकं फटीत अडकतात. फट एक सेंटिमीटरच्या आत. फळ्या घट्ट आवळायच्या, कारण चाक गेल्यावर खडखडाट झाला की समोरची बदकं उडालीच. पावसाळ्यात शेवाळ धरतं, त्यामुळे वर खरखरीत पट्ट्या. मऊ मातीत खांब कमीजास्त खचतात आणि रॅम्पच्या सांध्यात बोटभर पायरी तयार होते. चाक तिथे थबकतं. त्या सांध्यावर बिजागरीची पत्रा-पट्टी ठेवायची.

आणि वारा. भारतीय मानकात कोलकात्यासाठी मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ५० मीटर धरला आहे, म्हणजे ताशी १८० किलोमीटर. २० मे २०२० ला अम्फान आलं तेव्हा तो आकडा का धरतात ते सगळ्यांना कळलं. छप्पर वर खेचलं जातं, म्हणून ते तुळईला, तुळई खांबाला आणि खांब जोत्याला बांधलेला हवा.

सगळीकडे हे चालेल का? नाही. सुंदरबनात सुधन्याखालीसारख्या जागी दाट खारफुटी आहे आणि वाघही आहे, तिथे उंची लागते. पण त्या मनोऱ्यासमोर गोड्या पाण्याचं तळं आहे. असं तळं जिथे असेल, तिथे त्याच तळ्याकडे तोंड करून खाली जाळीबंद सज्जा करता येतो. आपल्याकडे नांदूरमध्यमेश्वरला मात्र भेडीचंच गणित लागू पडतं.

हा उपकाराचा विषय नाही. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात सांगितलं, की सुगम्यतेचे निकष नुसते मार्गदर्शक ठेवून भागणार नाही, बंधनकारक निकष हवेत.

तुमच्या गावच्या तळ्याकाठी मनोरा होणार असेल, तर तीनच प्रश्न विचारा. पाहायचं काय आहे? त्यासाठी कमीत कमी किती उंची लागते? आणि बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर काय येतं? आराखडा कागदावर आहे तोवर विचारा. खांब उभे राहिले की उत्तर ठरलेलं असतं.