गुलमोहर गायब, हिवर हजर

मे महिन्यात सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या रस्त्याकडेला फुललेल्या गुलमोहराचा मोबाइलवर फोटो काढा आणि त्यातला रंग सरळ काढून टाका. गुलमोहर गायब! फुलं लालभडक, पानं हिरवीगार, पण करड्या छटेत दोघांचं माप जवळपास सारखंच भरतं. कृष्णधवल फोटोला रंगाशी देणंघेणं नाही. कुठून किती उजेड परत येतो, एवढंच तो मोजतो.

म्हणून गुलमोहराचा नाद सोडा आणि माळावर चला. तिथे बाभूळ आणि हिवर शेजारी शेजारी उभे असतात. दोघांना काटे, दोघांची पानं बारीक. लांबून बघणारा हमखास फसतो. रंगीत फोटोत तर दोन्ही झाडं धुळकट हिरवीच. कृष्णधवलमध्ये मात्र सालीवरून लगेच ओळखू येतात. बाभळीचं खोड काळपट, उभ्या भेगांचं. हिवराची साल फिकी, पिवळट पांढरी. वनस्पतिशास्त्रानंही हिवराची हीच खूण धरली आणि त्याचं नाव ‘ल्युकोफ्लोइया’, म्हणजे पांढऱ्या सालीचा, असं ठेवलं.

बाभळीच्या आणखी जवळ जा. भेगेत मुंग्यांची रांग लागलेली असते आणि जिथे साल सोलवटली तिथे डिंकाचा तांबूस खडा चिकटलेला असतो. हा डिंक फक्त लाडवापुरता नाही, त्याच्या जातभाईनं फोटोही छापलेत. १८९०च्या दशकात युरोपातले हौशी फोटोग्राफर अरबी डिंकात काजळी आणि पोटॅशियम डायक्रोमेट कालवून तो लेप कागदावर फासत, वर निगेटिव्ह ठेवून कागद उन्हात धरत. ऊन लागेल तिथला डिंक घट्ट बसे, उरलेला पाण्यात धुऊन जाई आणि चित्र उमटे. बाभळीचा फोटो बाभळीच्याच डिंकात छापायची कल्पना भारी आहे, पण डायक्रोमेट विषारी असतं. डिंक लाडवातच बरा.

आता दुपारच्या उन्हाचं बघू. फोटोग्राफीचं कुठलंही पुस्तक सांगतं की सकाळी किंवा संध्याकाळी फोटो काढा, बारा वाजता कॅमेरा पिशवीत ठेवा. सोलापूर जिल्ह्यात हा नियम पाळला तर निम्मा दिवस वायाच. पण इन्फ्रारेड फोटोग्राफीला नेमकं हेच टळटळीत ऊन लागतं. १९१० मध्ये अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी असे फोटो जगापुढे ठेवले तेव्हा लोक चक्रावले. त्यात आकाश काळंकुट्ट होतं आणि झाडं बर्फ पडल्यासारखी पांढरीशुभ्र! कारण असं, की इन्फ्रारेड हा अदृश्य प्रकाश पानातलं हरितद्रव्य शोषत नाही. पानाच्या आतल्या पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या त्यातला जवळपास निम्मा परत फेकतात. उपग्रहही पिकाची तब्येत याच युक्तीनं ओळखतात. पान टवटवीत तर इन्फ्रारेडमध्ये लख्ख, पीक मान टाकायला लागलं की मंद.

हा प्रकाश घरबसल्या पाहायचाय? टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. बऱ्याच फोनवर जांभळट ठिपका लुकलुकताना दिसतो. डोळ्याला काहीच दिसत नाही.

त्याहून गंमत म्हणजे तुमच्या मोबाइलचा सेन्सर मुळात रंगांधळाच असतो! त्याला कळतो फक्त उजेड. प्रत्येक टिपकीवर लाल, हिरवी किंवा निळी काच बसवून रंगाचा अंदाज बांधला जातो. ही मांडणी कोडॅकच्या ब्राइस बेयर यांची, पेटंट १९७६ चं, आणि तिच्यात निम्म्या काचा हिरव्या. २०१२ मध्ये लायकानं त्या काचा काढून टाकलेला, फक्त कृष्णधवल फोटो काढणारा डिजिटल कॅमेरा आणला. रंग वजा, किंमत मात्र लाखांत.

फुकटचा कृष्णधवल कॅमेरा आपल्या डोळ्यांतच आहे. चांदण्या रात्री शेतावर गेलात तर झाडं करडीच दिसतात, कारण अंधारात काम करणाऱ्या पेशींना रंग कळत नाही. त्याआधी, तिन्हीसांजेला, आणखी एक खेळ चालतो. दिवसभर मिरवणारी गुलमोहराची फुलं आधी काळवंडतात, पानं त्यामानानं उजळ राहतात. पुर्किंये नावाच्या चेक शास्त्रज्ञानं हे दोनशे वर्षांपूर्वी टिपून ठेवलंय.

जुन्या काचेच्या प्लेटांची दृष्टीही अशीच एकांगी होती. त्यांना निळा रंगच तेवढा नीट दिसे. त्यामुळे झाडं काळी ठिक्कर आणि आकाश कोरं पांढरं, ढगांसकट पुसलेलं. मग हुशार मंडळी दुसऱ्या निगेटिव्हमधले ढग आणून आकाशात बसवत. म्हणजे आकाश बदलून देणारी आजची ॲप्स काही नवीन करत नाहीत.

झाड आणि कॅमेरा यांची सोबत तर पहिल्यापासूनची. कॅमेऱ्यानं टिपलेला, आज शिल्लक असलेला सर्वांत जुना फोटो फ्रान्समधल्या निएप्स यांचा, १८२६-२७ चा. तो घ्यायला इतके तास लागले की इमारतींच्या दोन्ही बाजूंवर ऊन पडलेलं दिसतं. त्यात छपरांपलीकडे नासपतीचं एक झाड आहे. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ मध्ये, कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडंथोडं चित्रण करत त्याचा वेल होईपर्यंतची वाढ मिनिटभराच्या फिल्ममध्ये बसवली. ही फिल्म पाहून भांडवल देणारे पुढे आले. ‘राजा हरिश्चंद्र’ सिनेमाला पैसा मिळवून दिला तो वाटाण्यानं!

एकटं झाड आणि मागे रिकामं आभाळ, ही कृष्णधवलवाल्यांची आवडती चौकट. मोहोळ ते नान्नज पट्ट्यात ती पावलोपावली मिळते. नान्नजचं माळढोक अभयारण्य गवताळ माळाचं, आणि माळढोकाला दाट झाडी नकोच असते. पण चौकटीच्या नादात पाय कुठे पडतोय ते बघा. जपानच्या बिएई गावातलं ‘तत्त्वज्ञ झाड’ फोटोवाल्यांनी इतकं गाजवलं की लोक पिकं तुडवत तिथे पोचायला लागले. झाडही म्हातारं झालं होतं. २०१६ मध्ये शेतमालकानं ते पाडूनच टाकलं. इथल्या शेतात मालदांडी ज्वारी उभी असते आणि गाजलेला ‘मालदांडी ३५-१’ हा वाण मोहोळच्याच संशोधन केंद्रातला. बांधावरूनच फोटो काढा.

आणि गुलमोहरच हवा असेल तर रंग नुसता पुसू नका. स्नॅपसीडसारख्या फुकट ॲपमध्ये ब्लॅक अँड व्हाइटला रंगीत फिल्टर जोडता येतात. लाल लावला की फुलं पांढरी उमलतात, हिरवा लावला की पानं उजळतात आणि फुलं काळी पडतात. फोटो मात्र आधी रंगीतच काढा, नाहीतर फिल्टरला काम करायला काही उरत नाही.