लिनक्स ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’ म्हणतं तेव्हा

पावसात अँटॉप हिलला वीज गेली, आली. संगणक सुरू झाला, पण फाइल सेव्ह होईना. ‘सुडो’ लावूनही नाही, कारण प्रश्न परवानगीचा नाहीच. डिस्कवरच्या नोंदींत गोंधळ दिसला की आणखी नासाडी नको म्हणून कर्नल लिहिणंच थांबवतो.

वाचता येतंय तोवर महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे उतरवून घ्या. बाकी सगळं नंतर. मग ‘डीमेसेज’ पाहा. ‘आय/ओ एरर’ दिसली तर बहुधा डिस्क किंवा केबल गेली. दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका. नसेल तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून ‘एफएससीके’ चालवा, पण माउंट असलेल्या पार्टिशनवर कधीच नाही.

फक्त विंडोजचं पार्टिशन अडलं असेल, तर विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करून पाहा.