उतारावरची शिकवणी

साठीनंतर बर्फावर घसरायला शिकू नये, हे घरच्यांचे म्हणणे आम्ही चौघा मित्रांनी शांतपणे ऐकून घेतले आणि गुलमर्गची तिकिटे काढली. खरे कारण स्कीइंग नव्हतेच. आमच्यापैकी एकाची पत्नी वर्षापूर्वी निवर्तली. तेव्हापासून तो दुकान व घर यांपलीकडे गेला नव्हता.

गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. तेथील गोंडोला अफरवटच्या खांद्यापर्यंत, म्हणजे जवळजवळ ४,००० मीटरवर नेतो. आम्हांस मात्र खालचा नवशिक्यांचा मंद उतारच पुष्कळ होता. प्रशिक्षकाने आधी थांबणे शिकविले: स्कीची पुढची टोके जवळ, मागची दूर. मग पडावे कसे, तर कुशीवर. आणि उठावे कसे, तर स्की उताराला आडव्या करून. (कर्जवाटपाआधी वसुली शिकविणारा असा गुरू बँकेत हवा होता!)

दुसऱ्या दिवशी मित्र पुन्हा आडवा झाला. बर्फात बसूनच म्हणाला, "अरे, हे हिला सांगायला हवं होतं," आणि हसला. मग डोळे पुसले. कोणी काही बोलले नाही. प्रशिक्षकाने नुसता हात पुढे केला.

चौविहार सांभाळायचा म्हणून दशम्या उन्हातच सोडल्या. घरी पाने वाढणे, चहा गाळणे ही कामे वहिनी करीत. त्यांची नोंद कोणत्याच कीर्द-खतावणीत नव्हती. त्या दिवशी थर्मासमधला काहवा मित्राने स्वतः ओतला. पहिला पेला प्रशिक्षकाला दिला.

पुढच्या जानेवारीची तिकिटे त्यानेच काढली आहेत.