पहिला हार्नेस घेताय? आधी दुकानात लटकून पाहा!

भोरचा रोहिडा, वेल्ह्यातले राजगड-तोरणा पायी होतात. पण मोहरी गावातून रायलिंग पठारावर गेले, की समोर उभा असलेला लिंगाणा दोराशिवाय होत नाही. तिथे कधी कधी दोरावर लटकत थांबावे लागते. हार्नेसचे माप चुकले, तर पाय बधिर होतात. तो सैल असेल आणि माणूस उलटा झाला, तर निसटून जिवावर बेतू शकते.

घेताना काय पाहाल?

कंबरपट्टा : कमरेच्या हाडांच्या वर बसावा. जोरात खाली ओढला, तरी सरकता कामा नये.

मांडीचे पट्टे : तळहात सपाट आत जावा, मूठ जाईल इतके सैल नकोत.

बकल : पट्टा आवळल्यावर टोक किमान ८ सेंटिमीटर बाहेर उरावे.

लटकून पाहा : नेहमीच्या ट्रेकच्या कपड्यांवर हार्नेस घालून दुकानात पाच-दहा मिनिटे दोरावर बसा. कुठे रुतते, ते तेव्हाच कळते.

शिक्का : 'यूआयएए' किंवा 'ईएन १२२७७' हे मानक लिहिलेले असावे.

जुना टाळा : ऊन किंवा बॅटरीच्या आम्लाने कमजोर झालेला पट्टा वरून धडधाकट दिसू शकतो.

लहान मुलांसाठी : कंबर भरलेली नसल्याने खांद्यावरून येणारा पूर्ण अंगाचा हार्नेसच घ्या.

हार्नेस कितीही महाग असो, चढण्याआधी आपले बकल जोडीदाराकडून तपासून घ्याच.