दोनशे छप्पन्नावी फेरी

जानेवारी १९८७. अमेरिकेतल्या याकिमा इथे एका कर्करोगाच्या रुग्णावर थेरॅक-२५ या यंत्राने किरणोपचार चालले होते. यंत्रातला एक भाग जागेवर आहे का, हे तपासायचं की नाही ते प्रोग्रॅममधला एका बाइटचा व्हेरिएबल ठरवत असे. शून्य असेल तर तपासणी नको. दुसरं काहीही असेल तर हवी. प्रोग्रॅमरने तिथे ठरावीक आकडा न भरता दर फेरीला एक मिळवत नेला. बाइटमध्ये २५५ च्या पुढे जागाच नसते. म्हणून दर २५६ व्या फेरीला तिथे शून्य येई आणि तपासणी गळून जाई. तो भाग जागेवर नसताना नेमकं त्याच क्षणी बटण दाबलं गेलं. रुग्णाला भयंकर मात्रा बसली आणि काही महिन्यांत तो दगावला. आधीच्या मॉडेलमध्ये अशा वेळी शलाका अडवणारी यांत्रिक सोय होती. इथे ती काढून सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवली होती.

अशी चूक चाचणीत क्वचितच सापडते. शंभर वेळा यंत्र चालवा, शंभरही वेळा ते नीट चालेल. म्हणून बंधन कोड लिहितानाच घालावं लागतं. मोटारींसाठी ब्रिटनमध्ये १९९८ साली मिस्रा ही सी भाषेची नियमावली आली. पुण्यात गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या ती रोजच्या कामातली. २००६ मध्ये नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतले जेरार्ड होल्झमन यांनी फक्त दहा नियम मांडले, कारण शंभर नियम कुणी पाळत नाही.

त्या दहांत रिकर्शनला, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच बोलावण्याला, मज्जाव आहे. प्रत्येक लूप जास्तीत जास्त किती वेळा फिरेल, हे आधीच सिद्ध करता आलं पाहिजे. मेमरी काय ती सुरुवातीलाच घ्यायची, नंतर मागायची नाही. एक फंक्शन छापील पानावर मावावं, म्हणजे साधारण साठ ओळी. हुशार प्रोग्रॅमरला हे जाचक वाटतं. पण ज्या कोडवर कुणाचा जीव अवलंबून आहे, तो परक्या माणसाला आणि तपासणाऱ्या यंत्रालाही आरपार कळायलाच हवा. तिथे लिहिणाऱ्याची हौस दुय्यम.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो दहावा नियम: पहिल्या दिवसापासून कंपायलरच्या सगळ्या वॉर्निंग चालू ठेवायच्या आणि एकही शिल्लक ठेवायची नाही. वॉर्निंग चुकीची वाटली तरी तिच्याकडे काणाडोळा न करता, कंपायलरला शंका उरणार नाही अशी ती ओळ पुन्हा लिहायची. होल्झमन यांनी बजावलंय की खोटी ठरवलेली वॉर्निंग पुढे खरी निघाल्याचं अनेकांना कळून चुकलं आहे.